चाळीस डावे पाय

चाळीस डावे पाय घडी घालून कोपऱ्यात ठेवले होते, आणि त्यांच्यावर कुणी बसायचं नाही असं वन्संनी आल्या आल्या सगळ्यांना बजावलं होतं. पुरावा होता तो.

अग्निशामक दलाच्या वीस पँटींचं कापड ते. एका बाजूनं पाणी न धरणारं, दुसऱ्या बाजूनं साधं, त्यामुळे उलटंसुलटं करून वेळ मारून न्यायची सोय नव्हती. अक्कानं ते अख्खं एका सकाळी कापलं होतं. एकही रेघ चुकली नव्हती, फक्त सगळे पाय डावे होते. मास्तरांनी पहिली पँट शिवायला घेतली आणि उजवा पाय शोधायला लागले. तो शोध दोन दिवस चालला. त्यांनी मेजाखाली पाहिलं, यंत्रांच्या मागे पाहिलं, मला विचारलं, आमच्या ह्यांना विचारलं, एकदा तर दाराबाहेरही डोकावून आले. उजवे पाय कापलेच गेले नसतील हे त्यांच्या मनात आलं नाही. अक्का चुकते, ही गोष्टच त्या दुकानात अजून कुणाला माहीत नव्हती.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. सासूबाईंनी जाताना कापायची मोठी कात्री तिच्या हातात दिली, आणि त्यानंतर एकतीस वर्षं त्या कात्रीला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. तिचे यजमान मास्तर. ते मापं घ्यायचे आणि शिवायचे. आमचे हे यंत्रं सांभाळायचे, इस्त्री करायचे. काजं-बटणं माझ्याकडे. खाली गणवेशांचं दुकान, वर घर, आणि दुकानात पाऊल टाकायचं ते राखाडी कोट घालून, बंद गळ्याचा, वरचा हूक लावून. गणवेश शिवणाऱ्यांनी स्वतः गणवेशात असावं, हे सासऱ्यांचं म्हणणं. ते गेले, हूक राहिला.

त्या रविवारी सगळे कापायच्या मेजाभोवती बसलो ते दोन गोष्टी ठरवायला. अक्काला झालंय काय, आणि कात्री कुणाला द्यायची. वन्संनी कागदावर मुद्दे लिहून आणले होते आणि त्यात कात्री पहिल्या क्रमांकावर होती.

दोन वर्षं चाललं होतं हे. सुरुवात थंडीनं झाली. आम्ही पंख्याखाली घाम पुसत बसायचो आणि अक्का कोटाच्या आत लोकरीची बंडी घालून पंख्याकडे वैऱ्यासारखी बघायची. वर घरी गेली तरी गळ्याभोवती शाल असायची. मग केस गळायला लागले, म्हणून केसांचा डॉक्टर झाला. त्यानं डोक्याला तेल दिलं. कातडी कोरडी पडली म्हणून कातडीचा झाला, त्यानं तेल बंद केलं. पायांवर सूज आली तेव्हा एकानं रोज चालायला सांगितलं आणि दुसऱ्यानं पाय वर करून पडून राहायला. अक्का सगळ्यांचं ऐकायची. सकाळी चालायची आणि दुपारी पाय भिंतीला लावून पडायची, आणि पडली की तशीच झोपून जायची. हाताला मुंग्या यायच्या म्हणून मनगटाला पट्टा मिळाला. आवाज घोगरा झाला तेव्हा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तोंड उघडायला लावून घसा आतून पाहिला आणि उत्तम आहे म्हणाले. घशाला बाहेरची बाजूही असते, पण ती हुकाच्या मागे होती आणि त्यांनी हूक काढायला सांगितलं नाही. आणखी एकानं मन रमवा म्हटलं, त्यावर वन्संनी तिला भरतकामाचा डबा आणून दिला. जन्मभर कापडात असलेल्या बाईला.

अकरा डॉक्टर झाले. यातल्या जवळजवळ प्रत्येकानं काट्यावर उभं करून एकच प्रश्न विचारला होता. वजन पूर्वीपासून एवढंच का? हल्ली कपडे घट्ट होतात का? आणि अक्का दर वेळी तिच्या त्या नव्या, सावकाश आवाजात अभिमानानं सांगायची की तिचं माप एकतीस वर्षांत हललेलं नाही, हा कोट बघा. कोट नीट बसलेला असायचा. डॉक्टर तसं लिहून घ्यायचे आणि तिला पुढच्या डॉक्टरकडे पाठवायचे.

वन्सं म्हणजे मास्तरांची बहीण. तीस वर्षं शाळा चालवलेली बाई. घरात कशावरून वाद झाला की त्या चिठ्ठ्या टाकायला लावायच्या. त्या दिवशीही त्यांनी माझा बटणांचा डबा रिकामा करून मेजाच्या मध्ये ठेवला आणि प्रत्येकाला कागदाचा एकेक तुकडा दिला. अक्काला काय झालंय ते एका शब्दात लिहायचं, नाव घालायचं नाही. सहा जण, सहा चिठ्ठ्या. अक्कालाही दिली. आजारी माणसाचंही मत असतं, असं वन्सं म्हणाल्या.

त्यांना दुष्ट म्हणू नये. तेव्हा मी मनातल्या मनात म्हणत होते, पण पुढे एकदा दोघीच असताना त्यांनी मला सांगितलं की त्या रविवारी त्यांना मेजापाशी अक्का दिसतच नव्हती, स्वतःची आई दिसत होती. सासूबाईंनी शेवटच्या वर्षी ह्याच मेजावर एका शर्टाला तीन बाह्या कापल्या होत्या. सगळे हसले होते. वन्संही हसल्या होत्या. त्यानंतर सासूबाई मेजापाशी आल्या की लोक बाह्या मोजायचे. वहिनीवर ती वेळ यायच्या आत कात्री काढून घ्यायची, एवढंच त्यांच्या मनात होतं. लोकांनी पाय मोजायच्या आत.

माझ्या मनात काय होतं ते सांगते. कात्री गेली तर ती माझ्याकडे येणार होती.

चिठ्ठ्या डब्यात पडल्या. वन्संनी डबा दोनदा हलवला आणि चष्मा लावून एकेक उघडली.

पहिली निघाली, "वय." दुसरीही "वय." वन्संनी मान हलवली.

तिसरीवर "मोटर" लिहिलं होतं. अक्षर ओळखायची गरज नव्हती, सगळ्यांनी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी सांगितलं की यंत्र हळू चालायला लागलं, गरम होईना, आवाज जड झाला, की लोक सुई बदलतात, दोरा बदलतात, चाकाला तेल घालतात. दोष तिथं नसतोच. आत जी एक गोष्ट सगळ्याला जोर पुरवते ती थकलेली असते. वन्संनी विचारलं, वहिनीच्या अंगात मोटर कुठे असते ते आता सांग. ह्यांनी बोट आधी छातीवर ठेवलं, मग पोटावर. सगळे हसले. अक्काही हसली, पण जरा वेळानं, बाकीच्यांचं हसून झाल्यावर.

चौथी चिठ्ठी तिचीच होती. "थंडी."

पाचवी वाचताना वन्सं थांबल्या. "थायरॉइड, आणि पुढे प्रश्नचिन्ह. हे कुणाचं ते कळलंच मला."

चिमणी खुर्चीत सरळ झाली. अक्काची एकुलती एक लेक, तिशीची, औषधाच्या दुकानात नोकरी. औषधांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून तिला डॉक्टरांपेक्षा जास्त आजार माहीत झाले होते, पण ठामपणे बोलायची तिला सवय नव्हती. काउंटरच्या अलीकडचा माणूस ठाम बोलला की गिऱ्हाइकं चिडतात. तिनं हे आधी दोनदा आईला सुचवलं होतं. दोन्ही वेळा आईनं कोट दाखवला होता.

वन्संनी पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढलं. घरचा वैद्य की काय तसलं नाव होतं, आणि त्यात त्यांनी आधीच खुणा घालून ठेवल्या होत्या. थायरॉइडचं पान काढून त्या वर्गात वाचतात तशा वाचायला लागल्या. थंडी वाजणे, आहे. केस गळणे, आहे. सुस्ती, विसराळूपणा, आवाज बसणे, आहे, आहे, आहे. चिमणीचा चेहरा उजळत चालला होता. मग वजन वाढणे, कपडे घट्ट होणे, गळ्याशी सूज. वन्संनी पुस्तकावरून वर पाहिलं.

अक्का हळूहळू उभी राहिली. हात दोन्ही बाजूंना पसरले आणि सगळ्यांना दिसावं म्हणून एक गिरकी घेतली. बगलेत ओढ नाही, पाठीत चुणी नाही, गळपट्टी अगदी मापात. खिशावरचा शाईचा जुना डागसुद्धा जागच्या जागी होता. आम्ही सगळे कापडातली माणसं. आमच्या दृष्टीनं विषय संपला. चिमणीनं आपली चिठ्ठी परत मागून घेतली.

सहावी चिठ्ठी कोरी होती. कोऱ्या चिठ्ठीला मत धरत नाहीत, असं सांगून वन्संनी ती बाजूला ठेवली आणि निकाल जाहीर केला. मोटर एक, थंडी एक, एक मत मागे घेतलं, वय दोन. अक्का तेव्हा चोपन्न वर्षांची होती, आणि ती बहुमतानं म्हातारी झाली.

त्यातलं एक मत माझं होतं.

अक्कानं कात्री उचलली. दोन्ही हातांनी उचलावी लागली. मेजावर माझ्या बाजूला सरकवली आणि म्हणाली, "घे. सगळ्यांचं बरोबर असेल. कोट तसाच आहे ना. म्हणजे आत कमी होत चाललंय ते मीच असणार."

 मी कात्रीला हात लावला नाही, पण नकोही म्हटलं नाही.

मास्तर उठले. ते निघून चालले असं मला वाटलं, कारण भांडण झालं की त्यांची रीत तीच. पण ते कपाटाशी गेले आणि मापांची वही घेऊन आले.

इथं आमच्या दुकानाचा नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सासऱ्यांनी घालून दिलेला. गिऱ्हाइकाचं माप मोठ्यानं बोलायचं नाही. फीत लावायची, मनात वाचायची, वहीत लिहायची, वही मिटायची. माणूस सुटला असेल तर त्याला सांगायचं नाही, त्याचे जुने कपडे दुरुस्तीला आले की गुपचूप शिवण सैल करून द्यायची. म्हणून आमच्याकडच्या प्रत्येक शिवणीत आत दोन बोटं माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडलेली असायची. गावातले अर्धे लोक आमच्यामुळे स्वतःला सडपातळ समजायचे. मास्तरांनी जन्मात ह्या दुकानात एक आकडा तोंडातून काढला नव्हता. गिऱ्हाइकांना वाटायचं ते मुके आहेत.

त्यांनी वही उघडली, बोट ठेवलं आणि वाचलं, "गळा. साडेतेरा."

वन्सं दचकल्या. "दादा, मोठ्यानं?"

"मोठ्यानं," मास्तर म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी साडेतेरा. मग चौदा. सव्वाचौदा. पावणेपंधरा. ह्या महिन्यात साडेपंधरा." मग छाती वाचली. मग कंबर. आकडे आमच्या डोळ्यांदेखत फुगत गेले. आमच्या ह्यांनी खाली बघितलं, जणू कुणी उघडं झालं होतं.

अक्का दुपारी पाय भिंतीला लावून झोपली की मास्तर तिच्या अंगाला न जाणवेल अशी फीत लावायचे आणि खुंटीवरचा कोट खाली नेऊन शिवण सैल करायचे. आठ महिन्यांत माया संपली. मग त्यांनी त्याच कापडाचा नवा कोट शिवला, चार वेळा धुतला, कोपरं दगडानं घासली, जुनी बटणं काढून लावली आणि खिशावर शाईचा डाग पाडला. डागासाठी आधी चिंध्यांवर सराव केला होता. आता अक्काच्या अंगावर होता तो तिसरा कोट. मला त्यांनी पुढे सांगितलं की तिसऱ्या कोटावर डाग पाडतानाच कळलं होतं, आपण शिवत नाही आहोत, लपवतो आहोत. पण कुणाला सांगणार? जे सांगायचं ते सगळं आकड्यांत होतं.

अक्का ऐकत होती. तिला सगळंच उशिरा पोहोचायचं, हेही उशिरा पोहोचलं. ती खिशावरच्या डागाकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "मी तुमची गिऱ्हाईक आहे का?"

मास्तर म्हणाले, "तुला वाईट वाटलं असतं."

"अकरा डॉक्टरांना खोटं सांगितलं मी. तुमच्या शिलाईच्या भरवशावर." तिला दम लागला, ती थांबली, आणि आम्ही सगळे तिच्यासाठी थांबलो. "रोज सकाळी अंग जड वाटायचं. मी म्हणायची, कोट तर बसतोय. मग मलाच वेड लागलंय. दोन वर्षं मी कोटावर विश्वास ठेवला, अहो. स्वतःवर ठेवला नाही."

मास्तरांनी वही तिच्यापुढे ठेवली आणि स्वतःच्या गळ्याचा हूक उगाचच चाचपत उभे राहिले. त्यांची बाजू कुणी घेतली नाही. वन्संनीसुद्धा नाही, आणि वन्संनी भावाची बाजू घेतली नाही असं त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं.

चिमणीला कंठ फुटला तो तेव्हा. ती उठून आईजवळ गेली आणि काउंटरवर कधीच न काढलेल्या आवाजात म्हणाली, "आई, हूक काढ."

दुकानात आमच्यासमोर अक्कानं हूक कधी काढला नव्हता. आम्हीही एकमेकींसमोर काढत नसू. तिची बोटं त्यावर घसरायला लागली, शेवटी चिमणीनंच काढला, आणि वन्संना पाण्याचा पेला आणायला पाठवलं. वन्सं निमूट गेल्या. अक्कानं घोट घेतला. गळ्याच्या खालच्या बाजूला, मधोमध, फुलपाखरू दडवून ठेवावं तसा एक उंचवटा होता. तो घोटाबरोबर वर गेला आणि खाली आला.

चिमणी म्हणाली, पुन्हा पी. अक्का पुन्हा प्यायली. आम्ही पाच माणसं एका बाईचं पाणी पिणं बघत होतो. 

"मोटर," आमचे हे हळूच म्हणाले.

सोमवारी सकाळी चिमणीनं आईला आणि मापांच्या वहीला घेऊन बारावा डॉक्टर गाठला. त्यांनी आधी वही बघायला नकार दिला, मग बघितली, मग खुर्ची जवळ ओढून पुन्हा पहिल्या पानापासून बघितली. इतक्या वर्षांत रोग्याच्या गळ्याचा दर महिन्याचा हिशेब त्यांच्याकडे कुणी आणला नव्हता. फीत कुठं लावायचे, घट्ट की सैल, असं त्यांनी विचारल्यावर मास्तर, जे दाराशीच उभे होते, म्हणाले, एक बोट जाईल इतकी सैल. डॉक्टरांनी गळ्यावर हात ठेवून पाहिलं आणि रक्त तपासायला पाठवलं. तपासणीतला आकडा इतका मोठा आला की तिथल्या माणसानं घरी फोन करून विचारलं, ह्या बाई शुद्धीवर आहेत ना? फोन अक्कानंच घेतला होता. आहे, पण सावकाश, असं तिनं सांगितलं.

एक गोळी दिली. अनशेपोटी, सकाळी, बहुधा जन्मभर. लहान मुलांच्या झबल्याला लावतात त्या बटणाएवढी. अकरा डॉक्टरांच्या डबाभर औषधांपुढे ती इतकी किरकोळ दिसायची की मास्तरांचा तिच्यावर बरेच दिवस विश्वास बसला नाही.

वन्संनी दुसऱ्या रविवारी पुन्हा सगळ्यांना बोलावलं, का तर आधीचा निकाल रीतसर रद्द करायला हवा. पुन्हा डबा, पुन्हा चिठ्ठ्या. ह्या वेळी सगळ्यांनी थायरॉइड लिहिलं. अक्कानं "थंडी" लिहिलं, कारण ती अजून वाजत होती.

पण एक सांगायचं राहिलं. त्या पहिल्या रविवारी, संध्याकाळी, मी आमच्या खोलीत जाऊन माझा कोट उलटा केला आणि शिवण पाहिली. सुईच्या जुन्या भोकांच्या चार ओळी होत्या, एकीशेजारी एक. ह्यांच्या कोटाला पाच. मी बाहेर आले तर त्या रात्री मुक्कामाला राहिलेल्या वन्सं त्यांच्या खोलीच्या दारात, स्वतःचा ब्लाउज उलटा करून, चष्म्याच्या अगदी जवळ धरून उभ्या होत्या. लग्नातलं माप अजून टिकून आहे असं त्या जगाला सांगायच्या. त्यांचे ओठ हलत होते, त्या मोजत होत्या. मला बघून ब्लाउज खाली केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी चहात साखर घेतली नाही.

कात्री मेजावरच पडून होती. अक्कानं सरकवली तिथंच, तिच्या आणि माझ्या मधोमध. मी लहान कात्रीनं काम भागवत होते. लोकांना वाटायचं मला मान राखायचा आहे. मला ती उचलायचा धीर होत नव्हता, एवढंच.

चार महिने गेले. पंखा पुन्हा सुरू झाला, आणि एक दिवस अक्कानं तो अजून जोरात करायला सांगितलं, तेव्हा आमचे हे धावत जाऊन वर चिमणीला सांगून आले. ती पूर्वीसारखी भराभर चालायला लागली आणि पूर्वीसारखी चिडायलाही. पहिल्या तारखेला मास्तर फीत घेऊन आले. आता ती जागी असताना माप घ्यायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. त्यांनी फीत लावली, वाचली, आणि सवयीनं ओठ मिटून वहीकडे वळले.

"मोठ्यानं," अक्का म्हणाली.

यंत्रं थांबली. बाहेर एक गिऱ्हाईक होतं, तेही थांबलं.

"सव्वाचौदा," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज त्या गिऱ्हाइकानं पहिल्यांदाच ऐकला असावा.

अक्कानं आकडा स्वतःच्या हातानं वहीत लिहिला. मग मेजापाशी आली, मोठी कात्री उचलली, एका हातानं, आणि ते डावे पाय आण म्हणून मला सांगितलं. त्यांच्या पिशव्या करायच्या होत्या. त्यातली एक अजून माझ्याकडे आहे, तिच्यात पाणी शिरत नाही. मी गठ्ठा आणून मेजावर ठेवला, पहिला पाय पसरला, आणि ती खडूनं रेघ मारता मारता, मान वर न करता, म्हणाली, "तू काय लिहिलं होतंस गं चिठ्ठीत?"

खोटं सांगता आलं असतं. कोरी चिठ्ठी माझी होती म्हटलं असतं तर खपलं असतं. पण मापं आता मोठ्यानं सांगायची असं ठरलं होतं. मी सांगितलं, "वय." आणि ऐकू गेलं नसेल तर म्हणून आणखी एकदा सांगितलं.

खडू थांबला नाही. रेघ टोकापर्यंत गेली, सरळ. मग तिनं कापडाचं दुसरं टोक माझ्याकडे ढकललं.

"धर हे. नीट धर," ती म्हणाली. "हात का थरथरतोय? वय झालं का?"